स्पॉन्सर : एक प्राथमिक मीमांसा (लोअर परळ खंड)

मराठीत भाषाविचाराचे ग्रंथ उदंड झाले. ज्ञानेश्वरीतल्या विभक्तींवर प्रबंध आहेत, महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांवर आहेत. पण दुपारी साडेतीनला लोअर परळच्या चहाच्या टपरीवर पाच माणसं उभी असताना ‘आज कोण स्पॉन्सर?’ हा जो प्रश्न उपस्थित होतो, त्याकडे एकाही अभ्यासकाचं लक्ष गेलेलं नाही. हे दुर्लक्ष अनाकलनीय आहे, कारण अभ्यासकही चहा पितात आणि बहुधा दुसऱ्याच्याच पैशानं पितात. ती उणीव भरून काढण्याचा हा नम्र प्रयत्न.

प्रथम क्षेत्रनिश्चिती. पूर्वेला करी रोड स्टेशन, पश्चिमेला वरळीची हद्द, मधोमध ना. म. जोशी मार्ग, ज्याला जुनी माणसं अजूनही डिलाईल रोडच म्हणतात. (घरं विकणारे दलाल या पट्ट्याला ‘अप्पर वरळी’ म्हणतात. एकच जागा लोअर आणि अप्पर दोन्ही असू शकते हा सिद्धांत त्यांचा आहे, त्यावर त्यांनीच लिहावं.) हाच भाग निवडण्याचं कारण शास्त्रीय आहे. इथे चाळ आणि टॉवर यांच्यात एका भिंतीचं अंतर आहे, आणि ती भिंत ओलांडून जाणाऱ्या मोजक्या गोष्टींत आरतीचा आवाज, पावसाचं पाणी आणि ‘स्पॉन्सर’ हा शब्द येतो. इथल्या पंचविशीतल्या मुलीनं ‘मी मिलमध्ये चाललेय’ म्हटलं तर ती जाहिरात कंपनीत चाललेली असते. कमला, मथुरादास, तोडी, रघुवंशी, फिनिक्स ही नावं गिरण्यांची आहेत, पण आत साचा नाही, धोटा नाही, भोंगा नाही. तिथे आता मीटिंग असतात. मीटिंगनंतर चहा असतो. आणि चहापाशी आपला विषय सुरू होतो.

ध्वनिविचारात फार गुंतण्यासारखं काही नाही. तिसाव्या मजल्यावर शेवटचा ‘र’ जवळजवळ गिळला जातो, दहाव्यावर तो नीट उच्चारला जातो आणि गणेश मंडळाच्या कार्यालयात ‘स्पाँसर’ असा खणखणीत अनुस्वारासकट ऐकू येतो. मंडळाचा उच्चार सर्वात शुद्ध मानावा, कारण पैसे प्रत्यक्षात तिथेच जमा होतात.

व्याकरण मात्र समृद्ध आहे. ‘स्पॉन्सर करणे’ हे सकर्मक क्रियापद. त्याला कर्म लागतं : चहा, वडापाव, टी-शर्ट, ढोल-ताशा, गेट. कर्ता मात्र लागतोच असं नाही, आणि सगळी गंमत तिथेच आहे. या क्रियापदाचं सर्वात प्रचलित रूप तृतीयपुरुषी भविष्यकाळी : ‘तो करेल ना स्पॉन्सर.’ यातला ‘तो’ नेहमी अनुपस्थित असतो. समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल हे रूप कधी वापरलेलं आढळत नाही. त्याच्यासाठी द्वितीयपुरुषी आज्ञार्थ आहे : ‘तू कर ना यार.’ प्रथमपुरुषी अनेकवचन, ‘आपण करू स्पॉन्सर’, हे दिसतं तितकं सरळ नाही. त्याचा अर्थ ‘तू कर’ असाच आहे, फक्त ते जरा सभ्यपणे म्हटलेलं आहे. भूतकाळात एकच रूप चालतं आणि ते पूर्ण भूतकाळी आहे : ‘मागच्या वेळी मी केलं होतं.’ हे मराठीतलं सर्वात वादग्रस्त वाक्य असावं, कारण त्याचा पुरावा पिऊन झालेला असतो.

राहिलं प्रथमपुरुषी एकवचनी वर्तमानकाळी रूप : ‘मी स्पॉन्सर करतो.’ हे दुर्मिळ आहे, नामशेष नाही. एप्रिलच्या सुमारास, पगारवाढीची पत्रं हाती पडतात तेव्हा, ते थोडं दिसतं. मुलगा झाला, नवी बाईक घेतली, नोकरी सोडली, अशा प्रसंगीही ते ऐकू येतं. मात्र चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल की या प्रसंगांसाठी मराठीत आधीपासून ‘पार्टी देणे’ आहे. मग हा नवा शब्द हवा कशाला? तर पार्टीला कारण लागतं, आणि कारण संपलं की पार्टी संपते. स्पॉन्सरला कारण लागत नाही. तो बिनकारणाचा, म्हणून अखंड.

एक नमुना सादर करतो. संभाषण प्रातिनिधिक आहे, पात्रं काल्पनिक आहेत.

‘चला, आज कोण स्पॉन्सर?’

‘शुक्रवारी मी केलं होतं.’

‘शुक्रवारी तू फक्त बिस्किटं केली होतीस.’

‘मग निलेश करेल.’

‘निलेश कुठाय?’

‘कॉलवर आहे.’

‘मग ठरलं तर. ओ दादा, पाच कटिंग!’

या सात ओळींत संपूर्ण शास्त्र आलं. निलेश खाली येतो तेव्हा निर्णय झालेला असतो, त्याच्या संमतीचा प्रश्न शिल्लक नसतो. तो मोबाइल काढतो, काचेवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करतो, टपरीवरचा ध्वनिक्षेपक साऱ्या फुटपाथला ऐकू जाईल अशा आवाजात ‘रुपये प्राप्त झाले’ अशी घोषणा करतो. घोषणेत निलेशचं नाव येत नाही, ही त्या यंत्राची त्रुटी म्हणावी लागेल. पण मूळ मुद्दा वेगळाच. हाच प्रसंग वीस-पंचवीस वर्षांपूर्वी घडला असता तर निलेशसाठी एक अस्सल देशी शब्द तयार होता : बकरा. ‘आज बकरा कोण?’ असं विचारलं जायचं, आणि बकऱ्याला आपण बकरा आहोत हे कळायचं. त्यात पिणाऱ्यांना थोडी टोचणी असायची, पाजणाऱ्याला थोडी लाज. ‘स्पॉन्सर’नं व्यवहार तोच ठेवला, रक्कम तीच ठेवली आणि दोन्ही बाजूंचा अपमान काढून घेतला. निलेश आता कापला जात नाही. तो स्पॉन्सर करतो. आणि बाकी चौघं फुकटे नाहीत, ते लाभार्थी आहेत.

या निबंधाचा जो काही सिद्धांत आहे तो एवढाच. मराठीत पैसे देण्याच्या प्रत्येक शब्दाला नात्याची शेपूट आहे. उधार दिलं तर वसुली आली. देणगी दिली तर पुण्य आलं आणि पाटीवर नाव आलं. वर्गणी दिली तर तुम्ही आमच्यातले झालात आणि हिशेब विचारायला मोकळे झालात. हातउसने दिले तर निदान ओशाळेपणा आला. मदत केली तर उपकार आले, आणि मराठी माणसाला उपकारापेक्षा उपास परवडतो. ‘स्पॉन्सर’ला अशी शेपूट नाही. घेणारा ‘थँक्यू’ म्हणत नाही, देणारा ‘परत कधी?’ विचारत नाही. पैसे एका खिशातून निघून दुसऱ्याच्या पोटात गेले, पण दोघांमध्ये काही घडलंच नाही.

आणि आता या शब्दाच्या मूळपुरुषाकडे पाहिलं तर आश्चर्यानं तोंडात बोट जाईल. प्राचीन रोममध्ये ‘स्पॉन्सर’ म्हणजे जामीन. करार करताना एकानं विचारायचं ‘स्पोन्देस्ने?’, म्हणजे ‘वचन देतोस?’ दुसऱ्यानं म्हणायचं ‘स्पोन्देओ’, देतो. एवढा शब्द तोंडातून गेला की तो अडकला. दुसऱ्याच्या कर्जासाठी असा शब्द देणारा तो स्पॉन्सर. ऋणको पळाला तर धनको याच्या दारात. या बिचाऱ्यांची दशा पाहून रोमनांनी लेक्स फ्युरिया नावाचा कायदा केला : दोन वर्षं झाली की जामीन मोकळा, आणि जामीन अनेक असतील तर हयात असलेल्यांमध्ये रकमेची समान विभागणी. म्हणजे आपण ज्याला तुझं तू माझं मी म्हणतो त्याची पहिली नोंद इटलीत, ख्रिस्तपूर्व काळात झाली. पुढे चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाच्या वतीनं वचन देणाऱ्याला स्पॉन्सर म्हणू लागले. तिथेही जबाबदारी जन्मभराची. ज्या शब्दात एवढा धाक होता तो लोअर परळला पोचेपर्यंत पाच कटिंगवर आला.

वाटेत तो रेडिओवर थांबला. अमेरिकेत साबणवाल्यांनी मालिका स्पॉन्सर केल्या, आपल्याकडे 1952 पासून रेडिओ सिलोनवर एका टूथपेस्टनं गीतमाला स्पॉन्सर केली आणि अमीन सयानींच्या आवाजात बिनाका हे नाव दात न घासणाऱ्यांच्याही तोंडी बसलं. वरळीच्या दूरदर्शन केंद्राचं प्रक्षेपण 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आणि 1984 मध्ये ‘हम लोग’ आल्यावर ‘प्रायोजक’ हा शब्द घरोघरी पोचला. हा शब्द निर्दोष आहे, भारदस्त आहे आणि टीव्हीच्या पेटीबाहेर तो कधी पडला नाही. ‘आज चहाचे प्रायोजक कोण?’ असं टपरीवर विचारून पाहावं. चहा येतो, पण मित्र जातात. 1983 साली कपिल देवनं उंचावला तो प्रुडेन्शियल कप होता आणि 1987 मध्ये आपण भरवला तो रिलायन्स कप. तेव्हापासून कुठलीही मोठी गोष्ट कुणीतरी स्पॉन्सर केल्याशिवाय होत नाही अशी जनतेची खात्री पटली. या उपविषयाला इतकं पुरे.

गिरणगावाला मात्र पैशाचा एक इंग्रजी शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून घरचा होता. तो म्हणजे फंड. इथल्या जुन्या खोल्यांत ‘फंड’ म्हटलं की एकच अर्थ : 1952 च्या कायद्यानं कापला जाणारा भविष्यनिर्वाह निधी. ‘फंडातून थोरलीचं लग्न केलं’, ‘फंडातून गावी कौलं घातली’, ‘अजून फंड यायचाय’. या शब्दाला अनेकवचन नव्हतं, कारण माणसाला फंड एकच असायचा. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढच्या वर्षांत बऱ्याच जणांचा फंड वयाच्या आधीच हातात आला. त्या संपाच्या दिवसांत खाणावळीवाल्या बायकांनी उधारीवर जेवायला घातलं. प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांचं. त्यांच्या वह्यांत त्या जेवणाला ‘उधारी’च म्हटलेलं होतं. स्पॉन्सर हा शब्द त्यांच्याकडे असता तर वह्या लिहाव्या लागल्या नसत्या.

आज गिरण्यांच्या त्याच आवारात, काचेच्या खोलीत, दुसरा एक मुलगा ‘फंडिंग’ची वाट पाहत बसलेला असतो. फंड आणि फंडिंग यांतला फरक प्रत्ययाचा नाही. फंड काम संपल्यावर मिळतो, फंडिंग काम सुरू होण्याआधी. फंडासाठी तीस वर्षं साच्यावर उभं राहावं लागे, फंडिंगसाठी तीस स्लाइड दाखवाव्या लागतात. साम्यही आहे : दोघांनाही विचारलं ‘कधी येणार?’, तर उत्तर ‘पुढच्या महिन्यात’.

आता आपण या विषयाच्या गाभाऱ्यात प्रवेश करू. हा गाभारा शब्दशः गाभारा आहे.

केशवजी नाईक चाळीत 1893 साली, चिंचपोकळीत 1920 साली, गणेश गल्लीत 1928 साली, लालबागच्या बाजारात 1934 साली सार्वजनिक गणपती बसू लागले तेव्हा पैशाचा प्रश्न वर्गणीनं सुटे. घरटी अमुक आणे. पावती फाडायची, पुस्तकाला अडकलेलं स्थळप्रत पान मागे राहायचं आणि अनंत चतुर्दशीनंतर जमाखर्च फळ्यावर लागायचा. ‘कापूर : तीन रुपये? एवढा कापूर कुणी जाळला?’ असं विचारायचा अधिकार प्रत्येक वर्गणीदाराला होता, आणि तो बजावणारे एक काका प्रत्येक चाळीत असतच. वर्गणी ही थोडक्यात लोकशाही होती, तिच्या सगळ्या कटकटींसकट.

स्पॉन्सर आला आणि फळ्यावरचे काका निवृत्त झाले. हा या विषयातला सर्वात दूरगामी बदल आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. वर्गणीदार विचारतो, ‘पैशाचं काय केलं?’ स्पॉन्सर विचारतो, ‘बॅनर कुठे लागणार?’ पहिल्याचं समाधान कागदावर करावं लागतं, दुसऱ्याचं कापडावर. कार्यकर्त्याला विचाराल तर कापड सोपं.

मंडळाच्या अर्थशास्त्रात म्हणून प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे स्पॉन्सर होते. मूर्ती एकाची, मंडप दुसऱ्याचा, लायटिंग तिसऱ्याचं, प्रसादाचे लाडू चौथ्याचे, कार्यकर्त्यांचे टी-शर्ट पाचव्याचे. टी-शर्टाच्या छातीवर बाप्पा, पाठीवर स्पॉन्सर. गर्दीत पाठच जास्त दिसते हे ज्यानं प्रथम ओळखलं तो खरा व्यापारी. दहीहंडीच्या गोविंदा पथकातही हाच नियम, मात्र तिथे थरावर थर चढत असल्यानं खालच्या थरातल्या माणसाच्या पाठीवरची जाहिरात वरच्याच्या पायाखाली जाते, ही गोष्ट दर ठरवताना विचारात घ्यावी. सर्वात महाग ‘गेट’. रस्त्यावर उभारलेल्या या कमानीतून येजा करणाऱ्या प्रत्येकाला स्पॉन्सरच्या खालून जावं लागतं. पूर्वी राजेलोक विजयाच्या कमानी बांधायचे, त्यांना निदान आधी लढाई करावी लागायची.

गेट विकत घेणं ही नाजूक प्रक्रिया आहे. दोन कार्यकर्ते दुकानात शिरतात.

‘शेठ, यंदा गेट तुमचं.’

‘अरे, धंदा कुठाय यंदा?’

‘म्हणून तर गेट, शेठ. समोरचं गेट कोण घेतंय माहितीये ना?’

समोरचं गेट कोण घेतंय हे शेठना माहीत असतं. तो त्यांचा साडूही असू शकतो. शेठ सुस्कारा टाकतात, गल्ला उघडतात. मग मंडळाच्या अहवालाचा विषय निघतो. अहवाल हा वाङ्मयप्रकार समीक्षकांनी दुर्लक्षिला आहे, वास्तविक लालबाग-परळमध्ये वर्षातून सर्वात जास्त छापलं जाणारं पुस्तक तेच असावं. त्यात मागचं कव्हर, आतलं कव्हर, पूर्ण पान, अर्धं पान, पाव पान अशी वर्णव्यवस्था असते. ज्याला पाव पानही परवडत नाही पण नाही म्हणवत नाही, तो ‘शुभेच्छुक’. आणि जो खरोखर घसघशीत रक्कम देतो, पण नाव छापू नका म्हणतो, तो ‘एक हितचिंतक’. या हितचिंतकाविषयी लोकांत भाविक गैरसमज आहे. तो विनयशील असतोच असं नाही. नाव छापलं तर उरलेली सगळी मंडळं दुसऱ्या दिवशी दारात येतील हे त्याला ठाऊक असतं.

हेच कार्यकर्ते जेव्हा टॉवरच्या लॉबीत जातात तेव्हा भाषा बदलते. तिथे शेठ नसतो, ‘सर’ असतात, आणि सरांना भेटण्याआधी गळ्यात ‘व्हिजिटर’ची पट्टी घालावी लागते. आता पोरंही तयार झाली आहेत. ‘सर, तुमच्या सीएसआरमध्ये बसेल का?’ कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, 1 एप्रिल 2014 पासून. कुठल्या कामावर, त्याची यादी परिशिष्ट सातमध्ये आहे. तिच्यात ढोल-ताशा नाही. पण कला आणि संस्कृती आहे. ढोल ही कला की संस्कृती यावर लॉबीतल्या सोफ्यावर जे युक्तिवाद झडतात ते सर्वोच्च न्यायालयातही ऐकायला मिळायचे नाहीत. सर शेवटी म्हणतात, ‘मेल टाका.’ याचा अर्थ नाही असा आहे, आणि तो दोन्ही पक्षांना कळतो. कार्यकर्ते खाली येतात, टपरीवर थांबतात आणि त्यांच्यातला एक विचारतो, ‘चहा कोण स्पॉन्सर करतंय?’

आतापर्यंतच्या विवेचनावरून कुणाला वाटेल की या शब्दातला रोमन धाक पार उडाला. तसं नाही. एका ठिकाणी तो जिवंत आहे. जिन्यात भेटलेल्या शेजारीणबाई सांगतात, ‘आम्हाला थोरल्यानं स्पॉन्सर केलंय. फाईल टाकलीये.’ हा चहा नव्हे, हे ग्रीन कार्ड. इथे मुलगा अमेरिकन सरकारला आय-864 नावाच्या अर्जावर लिहून देतो की माझं उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या गरिबीच्या पातळीच्या निदान 125 टक्के आहे, आणि माझे आईवडील तुमच्या गळ्यात पडणार नाहीत. म्हणजे शुद्ध ‘स्पोन्देओ’. साऱ्या लोअर परळात प्रथमपुरुषी एकवचनी रूप शपथेवर आणि सहीनिशी वापरलं जातं ते एवढ्याच संदर्भात. शेजारीणबाईंना मात्र त्यात जामीनबिमीन दिसत नाही. त्यांच्या मते इतकी वर्षं त्यांनी केलं, आता तो करतोय. रोमनांचा दोन वर्षांचा नियम इथे लागू नाही.

शेवटी एका व्यावहारिक प्रश्नाचा निकाल लावून ठेवतो, कारण तो कंपन्यांच्या जाहिरात विभागांना उपयोगी पडेल : स्पॉन्सरचं नाव टिकतं कधी?

परळ ही याची प्रयोगशाळा आहे. मोठ्या नावांची इतकी दाटी फार थोड्या गावांत असेल. नौरोसजी वाडियांच्या नावाचं सूतिकागृह, बाई जेरबाई वाडियांच्या नावाचं मुलांचं रुग्णालय, 1941 चं टाटा स्मारक रुग्णालय, राजा एडवर्डच्या नावाचं इस्पितळ आणि त्याला जोडून 1926 पासून चालणारं सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. आता परळचा माणूस ही नावं कशी वापरतो ते ऐकावं. ‘वाडियाला नेलं.’ ‘टाटाला तारीख आहे.’ ‘केईएमला ओळख आहे का कुणाची?’ निष्कर्ष उघड आहे. ज्या दात्याच्या नावाला लोकांनी आपण होऊन ‘ला’ हा प्रत्यय लावला, तो टिकला. याला आम्ही ‘ला-कसोटी’ म्हणतो. या कसोटीला उतरण्याची किंमत असते, ती म्हणजे नावाची काटछाट. गोरधनदास सुंदरदास यांचं ‘जीएस’ झालं. तिथून डॉक्टर झालेल्यांनाही पूर्ण नाव विचारलं तर क्षणभर छताकडे पाहावं लागतं.

2025 साली मेट्रो तीन आमच्या बाजूला वरळीपर्यंत पोचली, आणि आचार्य अत्रे चौक या स्थानकाच्या नावाआधी एका म्युच्युअल फंडाचं नाव लागलं. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर हे घडावं, यात नियतीची विनोदबुद्धी दिसते. त्यांच्या हयातीत घडलं असतं तर ‘मराठा’चे पुढचे सात अग्रलेख त्यावरच आले असते, आणि त्या फंडाला इतकी प्रसिद्धी कुठल्याही पाटीनं मिळाली नसती. त्याच टप्प्यात सिद्धिविनायक स्थानकाच्या नावाआधी एका विमा कंपनीचं नाव आहे. विघ्नहर्ता आणि विमा एकाच पाटीवर, म्हणजे प्रवाशाला दुहेरी संरक्षण. या दोन्ही नावांना ला-कसोटी लावून पाहिली. लोक ‘अत्रे चौकाला उतर’ म्हणतात. ‘सिद्धिविनायकाला जातो’ म्हणतात. फंडाला कुणी उतरत नाही आणि विम्याला कुणी जात नाही. पैसे देऊन पाटी मिळते, प्रत्यय मिळत नाही.

तो मिळवण्याची जुनी रीत काय होती तेही नोंदवून ठेवतो. त्या काळी देणारा नावाइतकंच अटींकडे पाहायचा. जीएसच्या दात्यांनी अट घातली ती नावापुरती नव्हती : शिकवणारे भारतीयच हवेत आणि ते सरकारी चाकरीतले नकोत. साहेबाच्या राज्यात ही अट मान्य करून घ्यायला नुसत्या पैशापेक्षा जास्त काही लागलं असणार. त्याहून जुनी गोष्ट माहीमच्या खाडीची. मुंबई आणि वांद्र्यामधल्या त्या चिखलात होड्या उलटायच्या, माणसं बुडायची आणि सरकार बांध घालायला पैसे नाहीत म्हणायचं. तेव्हा सर जमशेटजी जिजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी एक लाख रुपये दिले. काम अंदाजाबाहेर गेलं (हे वाचून मुंबईकराला धक्का बसणार नाही), तेव्हा आणखी 57 हजार दिले. 1845 साली रस्ता खुला झाला. बाईंचं नाव लेडी जमशेटजी रोड असं दादर-माहीमच्या नकाशावर आहे, बोलण्यात ते ‘एलजे’ झालं आहे, म्हणजे आमच्या कसोटीप्रमाणे ते पक्कं झालं. त्या बदल्यात त्यांनी बॅनर मागितला नव्हता. त्यांची अट एकच होती : या रस्त्यानं जाणाऱ्याकडून सरकारनं कधी पैसे घ्यायचे नाहीत. माहीम कॉजवेवर आजही टोल नाही. शेजारच्या सी लिंकवर आहे.